मॅटिनीनंतरचे तीन आठवडे

परवा मुलीचा बारावीचा पहिला पेपर होता आणि तिचं हॉल तिकीट माझ्या खिशात होतं. म्हणजे ते आधी तिच्या पाकिटातच होतं. पण घाईत पोरगी विसरेल म्हणून मी ते काढून घेतलं, शर्टाच्या खिशात जपून ठेवलं, खिशाला बटण लावलं आणि फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये बसून ड्यूटीवर निघून गेलो. प्लँटच्या गेटवर पास दाखवायला खिशात हात घातला तर पासाऐवजी मुलीचा फोटो बाहेर आला. दोन वेण्या आणि माझ्याकडे रोखून पाहणारे डोळे. कोणाची तरी स्कूटर मागून घरी आलो, तर पोरगी सोफा उलटा करून शोधत होती.

"बाबा, पेपर मी देणार आहो. तुमी नाई," ती म्हणाली.

पेपर अकराला होता, म्हणून निभावलं. पण नंतर दिवसभर ड्यूटीवर माझा हात पुन्हा पुन्हा खिशाकडे जात राहिला. हॉल तिकीट खिशात दडवून ड्यूटीवर निघण्याचा मला अनुभव आहे. एका उन्हाळ्याचा आहे, आणि तो पुरून उरला आहे.

ऊर्जानगरात, म्हणजे आमच्या पॉवर स्टेशनच्या कॉलनीत, परीक्षांचे दिवस कॅलेंडर न बघता कळतात. कॉलनीच्या मागच्या बाजूला मोह गळायला लागतो आणि पहाटे पहिल्या शिफ्टच्या बसस्टॉपवर उभं राहिलं की तो गोडूस, डोक्यात जाणारा वास येतो. पळस फुलून ओसरत आलेला असतो. खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं तर राखेत रेघ उमटते. दुपारी रस्त्यावर माणूस नसतो, आणि प्रत्येक क्वार्टरच्या मागच्या खोलीतून कोणीतरी हेल काढून पाठ करत असतं. लोकांना या दिवसांत आंब्याचा मोहोर वगैरे आठवतो. मला भीती आठवते. अगदी स्वच्छ, रोज ताजी होणारी भीती. आणि तिच्या मागोमाग एक हिंदी सिनेमा.

तेव्हा आमच्या लग्नाला दोनच महिने झाले होते. मी टाइम ऑफिसात, म्हणजे प्लँटच्या हजेरी खात्यात नोकरीला, शिफ्ट ड्यूटीचा माणूस. क्वार्टर नवं, चुन्याचा वास अजून गेलेला नव्हता. माझी बायको वनिता नागभीडची. धानाच्या बांध्या, तळं आणि नॅरोगेजच्या छोट्या गाडीची शिट्टी एवढ्यातच वाढलेली. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी भर दुपारी पॉवर स्टेशनमधली वाफ सुटली. ज्यांनी तो आवाज ऐकला नाही त्यांना कसं सांगू? आभाळाचं धोतर कोणीतरी टराटरा फाडत सुटावं तसा आवाज, आणि तो थांबत नाही. वनिता पोळपाट टाकून धावत येऊन मला चिकटली.

"का झालं जी? फुटलं का सारं?"

"काही नाही. जास्तीची वाफ सोडतात. दाब वाढला की सोडावीच लागते."

मी मोठ्या ऐटीत सांगितलं. तिच्या पाठीवर हात फिरवला. घाबरलेल्या बायकोला धीर देणारा नवरा ही भूमिका मला फार आवडली. माझ्या आतसुद्धा दाब वाढत होता आणि त्याला कुठे झडप बसवलेली नव्हती, हे मी तिला सांगितलं नाही.

कारण मी बी.ए. नव्हतो.

हे एवढंच वाक्य आहे. आज लिहिताना हसू येतं. पण ज्या घरांतून आम्ही दोघं आलो, तिथे हे हसण्यासारखं नव्हतं. वनिताचे वडील प्राथमिक शाळेत हेडमास्तर होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. धम्मदीक्षा घेतलेल्या पिढीतलं पहिलं पोरगं, ज्याच्या बापाने पाटी हातात देऊन सांगितलं होतं की घरात भाकर नसली तरी चालेल, पुस्तक पाहिजे. वनिता स्वतः बी.ए. झालेली, आणि गुरुजींची जावयाकडून एकच मागणी होती. सोनं नको, शेत नको. पोरीइतका शिकलेला पाहिजे.

मला बघायला आले तेव्हा माझी परीक्षा होऊन गेली होती, निकाल यायचा होता. माझे मामा म्हणाले, "पोरगा बी.ए. आहेच समजा." तो 'समजा' बैठकीत कोणाच्या लक्षात राहिला नाही. पुढे निकाल आला. सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं. त्याच आठवड्यात लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि वाटल्याही गेल्या. आमच्याकडे पत्रिकेवर नावापुढे शिक्षण छापतात. देवादिकांची चित्रं नसतात, त्या जागी ते असतं म्हणा. गुलाबी कार्डावर माझं नाव, आणि त्यापुढे ठळक, निळ्या शाईत, बी.ए. मी मामांना म्हटलं, आता काय करायचं? मामा म्हणाले, "कार्डं वाटून झाले ना बे. उन्हाळ्यात पेपर दे अन् खरं कर. कोनाले समजते?"

म्हणजे मी खोटं बोललोच नाही. मी ते छापलं.

आणि विहारात, दोन्हीकडच्या माणसांसमोर, पांढऱ्या कपड्यांत हात जोडून पंचशील घेतलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. भंतेजींच्या मागोमाग म्हणायचं असतं. बाकीची चार मी खणखणीत म्हटली. चौथ्याला मला खोकला आला. बाजूला वनिता स्पष्ट, न अडखळता म्हणत होती, आणि पहिल्याच रांगेत बसलेले गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी डोळे उघडू नयेत असं मला फार वाटलं.

तर अशा अवस्थेत, मार्च महिन्यातल्या एका रविवारी, मी बायकोला सिनेमाला नेलं. चंद्रपुरात, तीन ते सहा. पोस्टरवर बर्फाचे डोंगर आणि मफलर गुंडाळलेली जोडी होती. बाहेर माणसं उन्हाने भाजत होती, म्हटलं तीन तास बर्फ बघू. पोस्टरच्या कोपऱ्यात एक मोठा काळा डोळा काढलेला होता, त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

गोष्ट अशी होती. डोंगरातला बंगला, बापामागे एकटी राहिलेली श्रीमंत पोरगी. एक देखणा, मऊ बोलणारा माणूस येतो, तिच्याशी लग्न करतो. रोज स्वतःच्या हाताने तिच्यासाठी दुधाचा पेला आणतो. ती दिवसेंदिवस अशक्त होत जाते. 'कामाला जातो' म्हणून तो निघतो, आणि येतो तेव्हा त्याच्या बुटांना भलत्याच रंगाची माती असते. नाव खोटं, गाव खोटं, शिक्षण खोटं. शिक्षण खोटं हे कळतं तिथे मी खुर्चीत खाली सरकलो. तो डॉक्टर म्हणून सांगत होता आणि नव्हता. थिएटरभर शिट्ट्या आणि शिव्या. माझ्या मागचा एक जण ओरडला, "मार ना साल्याले!" मला वाटलं मलाच म्हणतो आहे.

मध्यंतरात मी वडे आणले. वनिताने घेतला नाही.

"या बाईले समजत काऊन नाई?" ती म्हणाली. "एवढा गोड बोलते, पेला घेऊन येते, तिथीच समजाले पाहिजे."

"प्रेम असेल," मी म्हटलं.

"नवरा स्वतःहून पेला भरून आणते? कोनाचा आणते सांगा बरं."

लग्नापासून दुपारी अडीचला ड्यूटीवरून आलो की मी स्वतः चहा करून तिला देत होतो. कॉलनीत अशी चाल नव्हती. शेजारी बघून हसायचे. मला वाटायचं की आपण आधुनिक आहोत. खरं म्हणजे मनाला टोचत होतं, म्हणून करत होतो. दोन चमचे साखर जास्त टाकत होतो.

शेवटी पोलीस येतात, त्याला बेड्या घालतात आणि ती बर्फात एकटी उभी राहते. बाहेर आलो तेव्हा सहाचं ऊन अजून डोळ्यांत घुसत होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा त्याने बाकी काही केलं नसतं. फक्त शिक्षणाचं खोटं सांगितलं असतं, तर?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. रस्त्यावर लोक आम्हाला धक्के देत पुढे जात होते.

"असं काऊन विचारून राह्यले तुमी?"

"सहज."

"खोटं बोलून लगन करणाऱ्यापाशी मी एक दिवस नाई राहणार," ती म्हणाली. "बाबाच्या घरी निंगून जाईन."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. एरवी तिचा हात खिडकीच्या दांड्यावर आणि माझा त्याच्यावर असायचा. त्या दिवशी तिने हात मांडीवर ठेवले.

त्या दिवसानंतरचे तीन आठवडे मी जसे काढले, तसे शत्रूलाही काढायला लागू नयेत. पेपरची तारीख आलेली होती. चंद्रपूरचं केंद्र घेतलं असतं तर अर्धी कॉलनी तिथे भेटली असती, म्हणून मी नदीपलीकडच्या राजुऱ्याचं घेतलं होतं. तिथे इंग्रजी शिकवणारे एक म्हातारे सर होते. रविवारी 'ओव्हरटाइम' सांगून मी त्यांच्याकडे जायचो. गाईडला वर्तमानपत्राचं कव्हर होतं आणि ते ड्यूटीवरच्या कपाटात असायचं. इतकी तयारी मी अभ्यासाची केली असती तर पहिल्याच फेरीत सुटलो असतो.

वनिता बदलली होती. पहिल्यांदा मला ते चपलांवरून कळलं. राजुऱ्याहून आलो आणि मोरीत हातपाय धुऊन बाहेर आलो, तर ती दारात वाकून माझ्या चपलांकडे बघत होती. तळाला सरांच्या शिंपलेल्या अंगणातली काळी माती चिकटलेली. आमच्या कॉलनीत सगळं राखाडी.

"प्लँटमधी काळी माती कुठी हाय जी?"

"कोळसा," मी म्हटलं. "कोळसा काळाच असतो."

"कोळसा असा चिकट नाई राहत."

तिने तो चिखल काडीने काढला, कागदात गुंडाळला आणि आत घेऊन गेली. तो कागद तिने कशासाठी ठेवला हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुपारी वाफ सुटली तर आता ती माझ्याकडे धावत येत नसे. भिंतीला पाठ लावून उभी राहत असे, डोळे माझ्यावर. तो आवाज चालू असताना आम्ही दोघं खोलीच्या दोन टोकांना नुसते एकमेकांकडे बघत उभे. बोललेलं ऐकूच येत नव्हतं, म्हणून बरं होतं.

मी चहा करून दिला की ती म्हणायची, "ठेवा, घेतो मी मागून." मी कपडे बदलून येईपर्यंत कप रिकामा. मला बरं वाटायचं. निदान चहा तरी पिते.

मला वाटायचं, तिला कळलं आहे. मामा कुठेतरी बरळले असतील, गुरुजींना पत्र गेलं असेल. पोस्टमन आला की मीच धावत जाऊन टपाल घ्यायचो. एकदा ती कपाटातून साड्या काढून खाली ठेवत होती. झालं, निघाली, असं वाटून मी दारातच बसलो. ती म्हणाली, "झुरळं झाले. गोळ्या टाकून राह्यली." पण गोळ्या टाकताना तिने माझ्याकडे पाठ केली नाही, हे मी पाहिलं. ती मला भीत असेल असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. भ्यालेला माणूस फार आत्मकेंद्री असतो. जगातली सगळी भीती आपल्याच वाट्याला आली आहे असं त्याला वाटतं.

पेपरच्या दिवशी हॉल तिकीट खिशात घालून, बटण लावून मी निघालो. "ओव्हरटाइम आहे," म्हटलं.

"आज तं रविवार नाई," ती म्हणाली.

"मशिनीला रविवार काय नि सोमवार काय!"

राजुऱ्याच्या एसटीत मी सगळ्यात मागे बसलो, आणि कोणी ओळखू नये म्हणून गाईडमध्ये तोंड खुपसलं. पुढे बायकांच्या सीटवर कोणी डोक्यावरून पदर घेऊन बसलं होतं, ते मी बघितलंही नाही. मी पुस्तकात तोंड घातलं होतं, तिने पदरात. वर्धा नदीच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाली पाणी कमी आणि वाळू जास्त होती. मला आपलं वाटलं, पुलावरून गाडी परत फिरली तर किती चांगलं होईल.

माझा नंबर खालच्या खोलीत, खिडकीजवळ आला होता. बाहेर कडुनिंब, त्याखाली पोरांना सोडायला आलेली माणसं. अर्धा तास झाला असेल. उताऱ्यावरचे प्रश्न सोडवून मी मान वर केली आणि निंबाखाली वनिता दिसली.

हिरवी साडी. हातात काही नाही, पायांत चपला आहेत की नाही दिसत नव्हतं. ती शिपायाशी बोलत होती, आणि शिपाई आमच्या खोलीकडे बोट दाखवत होता.

त्या क्षणी माझं काय झालं ते मी इंग्रजीत लिहू शकलो नसतो आणि मराठीतही जमत नाही. घामाने पेन बोटांतून निसटलं. सुपरवायझर येऊन म्हणाले, "खिडकीतून काय पाहता? उत्तर बाहेर हाय का?" पोरं हसली. मी खाली बघितलं. निबंधाला तीन विषय होते. पहिलाच प्रामाणिकपणावर. मी तो सोडला आणि विज्ञानाचे फायदे-तोटे घेतले. फायदे लिहून पुन्हा बघितलं तर ती निंबाखाली नव्हती. गेली. स्टँडवर गेली, तिथून घरी, तिथून पेटी घेऊन नागभीडला. तोटे मी कसे लिहिले मला आठवत नाही, पण पुढे त्या पेपरात पास झालो, म्हणजे ते मनापासून उतरले असणार.

बाहेर आलो तेव्हा ती फाटकाच्या सावलीत उभी होती.

"कसा गेला पेपर?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "बरा गेला."

"थो तं गेला. आता खरं सांगा."

सांगितलं. फाटकापासून निंबाखाली सरकून, पोरं एकमेकांना उत्तरं विचारत आमच्या बाजूने जात होती तेव्हा. मामाचा 'समजा', कार्ड, खोकला, सगळं. ती ऐकत होती. मधेच तिने निंबाचा बुंधा घट्ट धरला. मला वाटलं रागाने.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"दुसरी बाई नाई?"

"नाही!"

"अन् चहात?"

"चहात काय?"

"चहात का टाकत होते?"

"साखर," मी म्हटलं. "दोन चमचे जास्त."

ती खाली बसली. निंबाच्या मुळावर, धुळीत. मग सांगायला लागली आणि मला एकेक वाक्य फटक्यासारखं बसलं. सिनेमा पाहिल्यापासून तिने माझा एकही कप चहा प्यायला नव्हता. मागच्या दारच्या पपईच्या झाडाला घालत होती आणि रोज सकाळी झाड वाळलं का ते बघत होती. झाड वाळलं नाही, तर तिला वाटलं विष हळूहळू चढणारं असेल. ती चिखलाची पुडी तिने पुरावा म्हणून पिठाच्या डब्यात ठेवली होती. बापाला पत्र लिहिलं होतं आणि टाकलं नव्हतं. काय लिहायचं? नवरा गोड बोलतो, चहा करून देतो, मला वाचवा?

"तुमी थेटराच्या बाहेर विचारलं ना, फक्त शिक्षणाचं खोटं असतं तं," ती म्हणाली. "तवाच मले समजलं का काहीतरी हाय. पन शिक्षणाचंच असन असं कसं समजन? मले वाटलं याच्याहून मोठं हाय, म्हनून लहान विचारून राह्यले."

मी तिला उठवायला हात दिला. तिने घेतला नाही, स्वतः उठली, साडी झटकली. "बाबाले मी नाई सांगत," ती म्हणाली. "तुमी सांगा. रिझल्टच्या आंधी. पास झाल्यावर सांगाल तं थे सांगणं नाई."

पुढच्या रविवारी चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनहून छोट्या गाडीने नागभीडला गेलो. ती गाडी इतकी सावकाश चालायची की मूल स्टेशनच्या पुढे कोणी उतरून मोह वेचून पुन्हा डब्यात चढला असता. मला तीही वेगाने चालली आहे असं वाटत होतं.

गुरुजी पडवीत चौथीचे पेपर तपासत बसले होते. लाल पेन. मी उभ्या उभ्याच सांगितलं, नाहीतर बसल्यावर चहा आला असता आणि चहा प्यायल्यावर माझी हिंमत गेली असती. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कोणता विषय राह्यला?"

"इंग्रजी."

त्यांनी तपासलेले पेपर एकावर एक रचून बाजूला ठेवले. ते ओरडले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो.

"कार्डं मी घरोघर नेऊन देल्ली," ते हळू म्हणाले. "ज्यायले वाचता नाई येत, त्यायले वाचून दाखवली. तुमचं नाव वाचत होतो अन् मंग थांबून म्हणत होतो, बी.ए. म्हातारे लोकं म्हणत होते, गुरुजी अजून एकडाव वाचा. मी वाचत होतो."

मग त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. "चला. मी खोटं वाचलं त्यायच्यापुढं. खरं तुमी सांगा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नव्हती झाली. भर उन्हात सासरे पुढे, जावई मागे, आणि सगळ्यात मागे वनिता. पहिल्या घरी मला घाम फुटला, दुसऱ्या घरी आवाज. प्रत्येक दारात गुरुजी फक्त एवढंच म्हणायचे, "जावईबापू काही सांगते म्हनते," आणि बाजूला होऊन उभे राहायचे. मी सांगायचो की मी बी.ए. नाही, एक पेपर बाकी होता, आता दिला आहे. इतकी छोटी वाक्यं. राजुऱ्याचा अख्खा पेपर त्यापुढे सोपा होता.

एका दारात गुरुजींची चुलती होती. पाठीतून वाकलेली, भिंतीला टेकून मोहफुलं निवडत बसलेली. तिने मला दोनदा सांगायला लावलं.

"मंग देल्ला ना बापा पेपर. राह्यला तं राह्यला," ती म्हणाली. "मले वाटलं जावई दारू पेते."

"नाई बाई," मागून वनिता म्हणाली. "दारू नाई पेत."

"पोरीले मारते?"

"नाई."

"मंग येवढ्या उन्हात काऊन फिरून राह्यले येड्यावानी? सरका, पानी प्या." आणि गुरुजींकडे वळून म्हणाली, "अन् तू का रे, जावयाले दारोदार फिरवते! लाज नाई वाटत? मास्तर झाला म्हनून सगळ्यायलेच उठबशा काढाले लावशीन?"

गुरुजी पहिल्यांदा हसले. किंचित. मला माठातलं पाणी दिलं ते त्यांनीच. मी ते इतक्या घाईने प्यायलो की अर्धं शर्टावर सांडलं.

परतीच्या गाडीत डबा जवळजवळ रिकामा होता. मी खिडकीजवळ, ती समोर. बाहेर धानाच्या कापलेल्या बांध्या, सुकून भेगा पडलेल्या, आणि मधेच एखादा पळस, शेवटची फुलं धरून. माझ्या छातीवरून एक दगड उतरला होता. सगळ्यांनी ऐकून घेतलं, सगळ्यांनी पाणी पाजलं, गुरुजी स्टेशनवर सोडायला आले आणि गाडी सुटताना म्हणाले, "रिझल्ट कळवा." मला तर स्टेशनांच्या पाट्याही गोड दिसत होत्या. मी पुढे वाकून म्हटलं, "वनिता, झालं ना आता? सगळ्यांनी माफ केलं."

ती खिडकीबाहेर बघत होती. सिंदेवाही स्टेशन मागे गेलं. मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं, पण ती दमलेली होती आणि खरोखरच विचारत होती.

"त्यायचं का गेलं माफ कराले? त्यायनं कार्डावरची दोन अक्षरं आयकली होती. मी तीन हप्ते तुमच्या घरात मराची वाट पाहून राह्यली होती. थ्या सिनेमातल्या बाईचं सोपं झालं जी. नवरा खराच खुनी निंगाला, पोलीस घेऊन गेले. माहा तं चांगला निंगाला. आता याचं का करू मी, सांगा?"